मोगलाईतली सहा वर्षं

पर्थहून कालगुर्लीला, माझ्या गावी, विमानाने तासाभरात पोहोचता येतं. तरी बाबा पुण्याहून आले तेव्हा त्यांना आणायला मी मुद्दाम गाडी घेऊन गेले. सहाशे किलोमीटर शेजारी शेजारी बसलं की माणसं बोलतातच, अशी माझी समजूत होती. आई जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. ती असताना फोनवर सगळं बोलणं तीच करायची, आणि शेवटी बाबा फोन घेऊन पुण्यात पाऊस आहे की नाही तेवढं सांगायचे. मी इथे येऊन सतरा वर्षं झाली होती आणि या सतरा वर्षांत बाबांनी मला इथलं काही म्हणजे काही विचारलं नव्हतं.

शहर मागे पडेपर्यंत ते सीटबेल्टशी झटापट करत गप्प बसले. मग गव्हाची शेतं सुरू झाली, खाणींच्या गावांना पाणी नेणारा लांबलचक पाईप रस्त्याच्या कडेने सोबतीला आला, आणि बाबांनी घसा साफ केला. मी सावरून बसले. म्हटलं, आता विचारतील. पण त्यांनी सुरू केलं ते साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाचं. 'तर हजारी तेव्हा सोळा वर्षांचा आहे,' असं त्यांचं पहिलं वाक्य होतं.

हजारी म्हणजे आमचा मूळपुरुष. हजारभर स्वारांवरचा अंमलदार म्हणून हजारी. त्याला खरं नाव आहे, पण ते घरात उच्चारायची पंचाईत. आमच्याकडे आजोबा गेले की त्यांचं नाव पुढे जन्माला येणाऱ्या नातवाला ठेवतात, त्यामुळे एक पिढी सोडून एक तेच नाव येत राहतं. बाबांचंही तेच आहे. आईने ते उखाण्यापलीकडे कधी घेतलं नाही. मग मूळपुरुषाचा हजारी झाला तो झालाच.

त्याचा जन्म देशमुखाच्या घरातला, पण धाकट्या पातीचा. थोरल्याला वतन आणि धाकट्याला घोडा, अशी तेव्हाची रीत. सोळाव्या वर्षी तीस स्वार घेऊन तो विजापूरच्या चाकरीत गेला, चार वर्षांनी तिथून निघून महाराजांकडे आला, आधी सव्वाशे स्वारांचा जुमलेदार झाला आणि मग हजारी. बाबा हे सगळं वर्तमानकाळात सांगतात. हजारी नदी उतरतो आहे, हजारी घोड्यांच्या चंदीसाठी, म्हणजे दाण्यासाठी, कारकुनाशी भांडतो आहे, हजारीला पावसाळी छावणीत ताप आला आहे. ऐकणाऱ्याला वाटावं, मागच्याच महिन्यात ते त्याला भेटून आले.

गहू संपला आणि झाडं सुरू झाली, ती उंच, तांबूस खोडांची झाडं, जी उतरतं ऊन पडलं की तेल लावल्यासारखी चकाकतात. खाली लाल माती. समोरचा रस्ता इतका सरळ होता की गाडी चालते आहे हे कळत नव्हतं. बाबांचा आवाज एका लयीत येत होता. मला झाडांच्या मागून घोडी चाललेली दिसायला लागली. अगदी रांगेत नाही, सैल, दमलेली, तोंडाला फेस आलेली. पुढच्या घोड्यावरच्या माणसाने डोक्याला काहीतरी पांढरं गुंडाळलं होतं आणि तो आमच्या गाडीकडे बघत नव्हता. मी सतरा वर्षं तो रस्ता केला आहे. कांगारू दिसतात, एमू दिसतात, मोठमोठे ट्रक तर धडकी भरवतात. घोडेस्वार त्या दिवशीच दिसले. आणि गंमत म्हणजे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

कूलगार्डी हे घराआधीचं शेवटचं गाव, ते यायच्या आत हजारी वारला. महाराज गेले त्याच वर्षी, त्या दुःखाने, आपल्या गावी. बाबांचा आवाज तिथे ओला झाला. मग त्यांनी दोन वाक्यांत उरलेलं उरकलं. हजारीच्या मागे त्याचा नातू त्याच नावाचा. तो पुढे धामधुमीत मोगलांकडे गेला, त्यांची मनसब घेतली, सहा वर्षं राहिला आणि मग परत आला. 'नातू वाया गेला,' असं म्हणून बाबांनी खिडकीची काच थोडी खाली केली.

बाबा भूमी अभिलेख खात्यात होते. आयुष्यभर लोकांच्या बांधांची मोजणी केली, हातभर चूक खपवून घेतली नाही. मोडी वाचायला तिथेच शिकले. निवृत्त झाल्यावर चुलत्यांकडचं दप्तर सोडवून बसले आणि बारा वर्षांत हजारीच्या कारकिर्दीवर दोनशे पानी वही भरली. तिचं पुस्तक करायचं, हे त्यांचं एकच मागणं उरलं होतं. ती टाइप करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मीही मोजणीवालीच. फरक इतकाच की मी जमिनीच्या खाली मोजते. इथल्या सोन्याच्या खाणीत मी सर्व्हेअर आहे, आठ दिवस काम आणि सहा दिवस सुट्टी. त्या सहा दिवसांत सकाळी नाश्ता झाला की आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसायचो. बाबा वाचून दाखवायचे, मी टाइप करायचे, आणि दुपारी लांब कुठेतरी खाणीत सुरुंग उडाला की टेबलावरच्या चहात बारीक लाट उठायची. पहिल्या दिवशी बाबा दचकले. नंतर तो आवाज त्यांच्या तोफांत जाऊन बसला.

इथला जून ते ऑगस्टचा तो हिवाळा मला झोपेत ऐकलेल्या गोष्टीसारखा आठवतो. हवा कोरडी आणि गोड, आभाळ इतकं निळं की बघवत नाही. मी खाली बोगद्यात असले तरी डोक्यात वही चालू असायची. खाली दिवस नसतो आणि रात्रही नसते, डोक्यावरचा दिवा जिकडे वळेल तेवढंच जग. भिंतीवर रंगाने खूण करताना मला वाटायचं, पुढच्या वळणावर छावणी पडली असेल, ओल्या घोंगड्यांचा वास येईल. एकदा माझ्या जोडीदाराने विचारलं, 'यू ओके, मेट?' मी म्हटलं, 'नो वरीज, आमचा कुणीतरी आजारी आहे.' त्याने फारच सहानुभूती दाखवली. हजारीला ताप आला होता, हे त्याला कसं सांगणार?

नागरिकत्वाचं पत्र त्याच दिवसांत आलं. अर्ज मी वर्षभरापूर्वी केला होता. खरं सांगायचं तर फार विचार करून केला नव्हता. घर इथे, काम इथे, लग्न केलं नाही म्हणून ओढ लावणारं तिकडेही काही नाही. बाबा सोडून. समारंभ नगरपालिकेच्या सभागृहात, ऑगस्टातल्या एका बुधवारी होता. मी पत्र टेबलावर ठेवलं. बाबांनी ते पूर्ण वाचलं. त्यांचं इंग्रजी पक्कं आहे. मग त्यांनी विचारलं की आपल्या पासपोर्टचं काय होतं. मी सांगितलं की तो परत करावा लागतो, दोन्ही ठेवता येत नाहीत.

त्यांनी पत्राची घडी घातली आणि म्हणाले, "आपलं घर खाल्ल्या मिठाला जागणारं आहे."

एवढंच. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पण ते वाक्य घरात राहिलं. कपडे वाळत घालताना, भाजी चिरताना मला ते पुन्हा ऐकू यायचं. मी काही कुणाच्या पंक्तीतून उठून गेले नव्हते. मी नोकरी केली होती, कर भरला होता, आईच्या आजारपणात चारदा धावत गेले होते. तरी बाबांच्या लेखी मी आता 'वाया गेलेला नातू' होते, आणि ते मला सहन होत नव्हतं. त्यांनी चिडून बोललेलं चाललं असतं. ते चिडले नव्हते, दुखावले होते. मला त्यांचं तोंडभरून 'जा' हवं होतं. ते न घेता मी सभागृहात उभी राहिले असते, तर तिथे काय बोलले असते कुणास ठाऊक.

वही संपत आली होती. शेवटी एक सनावळी जोडावी असं मला वाटलं, कोणत्या वर्षी हजारी कुठे होता त्याचा तक्ता. सर्व्हेअरला तक्ता केल्याशिवाय चैन पडत नाही. समारंभाच्या आधीच्या रविवारी बाबा बाहेर उन्हात खुर्ची टाकून बसले होते आणि मी आत एकटीच वर्षं मांडत होते. जन्म, विजापूर, महाराज, जुमला, हजारी, मृत्यू. मग नातू. नातवाचा जन्म कधी, हे वहीत नव्हतं. म्हटलं, अंदाजाने टाकू. आजोबा गेल्यावर जन्मला म्हणून तर नाव मिळालं, म्हणजे महाराज गेले त्या वर्षाच्या पुढे. आणि त्याने मनसब घेतली ती त्यानंतर दहाएक वर्षांनी.

मी बोटांवर मोजलं. मग कॅलक्युलेटरवर मोजलं, तेवढ्यासाठी कॅलक्युलेटर लागतो का, तरी मोजलं. पाचशे स्वारांचा मनसबदार झाला तेव्हा नातू फार तर नऊ वर्षांचा होता.

मला हसू आलं आणि मग अंगावर काटा आला. आमच्या घरात जिवंत आजोबाचं नाव पाळण्यात कुणी ठेवत नाही. ज्या रीतीने बाबांना त्याच नावाचा दुसरा माणूस मिळवून दिला, तीच रीत त्याला नऊ वर्षांचा करून टाकत होती. खरा नातू कुठेतरी पुढे जन्मलाही असेल. पण मोगलांकडे गेलेला तो नव्हता.

मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. पुस्तक छापलं असतं, चाळीस नातेवाइकांनी शोकेसमध्ये ठेवलं असतं, कुणीही तक्ता तपासला नसता. पण बाबा आत आले, इस्त्रीच्या टेबलावर समारंभासाठी काढलेली माझी साडी त्यांनी पाहिली आणि म्हणाले की बुधवारी ते घरीच थांबतील. झालं. माझा तोल गेला. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि म्हटलं, तुमचा नातू पाळण्यातून थेट घोड्यावर बसला का, ते सांगा.

त्यांनी चष्मा लावून तक्ता पाहिला. मग शांतपणे म्हणाले की महाराजांच्या मुलाला तर आठव्या वर्षी मनसब मिळाली होती. ते खरंच होतं आणि त्यांना ते इतक्या पटकन सुचलं याचा मला रागही आला. मी वहीतला तो कागद काढला, परत आल्यावर त्याने पुन्हा चाकरीत घ्यावं म्हणून केलेल्या अर्जाचा. तो बाबांनीच मोडीतून उतरवून घेतला होता. त्यात तो सांगतो की गाव मोगलांच्या मुलखात गेलं, माणसांच्या पोटाची सोय नव्हती म्हणून गेलो, आता माझे दोन मुलगे शिपाईगिरीला तयार आहेत, त्यांच्यासह हजर होतो. मी ते मोठ्याने वाचलं.

"नऊ आणि सहा, पंधरा वर्षांचा मुलगा," मी म्हटलं, "आणि त्याला दोन मुलगे?"

बाबांनी तो कागद माझ्या हातातून घेतला.

"तो एकच माणूस आहे, बाबा. तुमचा हजारीच गेला होता. महाराज गेले त्या वर्षी तो मेलाबिला नाही. तुम्ही मारलात त्याला."

हे मी बोलले. आजही आठवलं की मान खाली जाते. सत्तरी ओलांडलेल्या, बायको गेलेल्या माणसाला मी हे त्याच्या आयुष्यभराच्या कामाबद्दल सांगितलं, तेही मला एका बुधवारी मोकळं वाटावं म्हणून. बाबांनी चष्मा काढून डबीत ठेवला, उठले आणि मागच्या अंगणात जाऊन कुंपणाकडे तोंड करून बसले. कुंपणापलीकडे बघण्यासारखं काहीही नाही, शेजाऱ्याची बोट ठेवलेली असते, समुद्र चारशे किलोमीटर लांब असताना. ते अंधार पडेपर्यंत बोटीकडे बघत होते.

त्यांना आधीपासून शंका होती का, हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही. लोकांच्या बांधावर हातभर चूक न चालणाऱ्या माणसाने बारा वर्षं ही एक मोजणी केली नव्हती, एवढंच दिसत होतं. हजारीच्या मृत्यूचा एकही कागद नव्हता. त्या दुःखाने तो वारला, हे बाबांनी स्वतः त्याला दिलं होतं. प्रेमानेच दिलं होतं. चांगल्या ठिकाणी गोष्ट थांबवली होती.

सोमवार-मंगळवार आम्ही जेवलो, भांडी घासली, टीव्हीवर क्रिकेट पाहिलं. वही बाबांच्या खोलीत गेली होती. मी दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा ते म्हणाले, 'अगं, त्यात काय,' आणि ते मला मारल्यासारखं लागलं.

बुधवारी मी साडी नेसून बाहेर आले. बाबा दारापर्यंत आले, निऱ्या सारख्या आहेत की नाहीत ते त्यांनी पाहिलं, आईसारखंच. मग म्हणाले, "मला नाही बघवणार. खोटं कशाला सांगू. तू जाऊन ये." 'जाऊन ये' म्हणाले, 'जा' म्हणाले नाहीत. मी गाडीत बसून थोडं रडले आणि काजळ पुसून निघाले.

सभागृहात तीसेक माणसं होती. फिलिपिनो परिचारिका, झिंबाब्वेचं एक कुटुंब, आमच्याच खाणीतला एक आयरिश फिटर ज्याने पहिल्यांदाच टाय बांधला असावा. आम्ही सगळ्यांनी एकदम शपथ म्हटली. इतक्या वेगवेगळ्या उच्चारांत ती म्हटली गेली की मला शब्द कळेनात, नुसता गलका ऐकू येत होता, पाऊस उघडल्यावर छावणी उठताना होत असेल तसा. मला वाटलं, हजारीनेही कुठल्यातरी तंबूत असेच हात पुढे केले असतील. दुसऱ्याच्या भाषेत काहीतरी म्हणवून घेतलं असेल, घोड्यांना बादशाही खुणेचे डाग दिले असतील, आणि बाहेर आल्यावर त्याला भूक लागली असेल. मला लागली होती. महापौरांनी हस्तांदोलन केलं, एका कुंडीत इथलं एक रोपटं दिलं. आयरिश फिटरने माझा फोटो काढून दिला. त्यात मी कुठे बघते आहे, ते मलाच कळत नाही.

घरी आले तेव्हा दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं. बाबा वही उघडून बसले होते. मी रोपटं ओट्यावर ठेवलं. त्यांनी समोरची खुर्ची पायाने सरकवली. मी बसले. वहीत 'नातू' असं जिथे जिथे होतं, तिथे त्यांनी पट्टी धरून सरळ रेघ मारली होती. हजारीच्या मृत्यूचं अख्खं पान फाडून काढलं होतं. त्याच्या जागी कोरं पान जोडून वर मथळा घातला होता, 'मोगलाईतली सहा वर्षं'. खाली काही नव्हतं.

"मला याच्यातलं एक अक्षर येत नाही," बाबा म्हणाले. "लढाया लिहीन. हा तिथे सहा वर्षं राहिला कसा, ते मला कुठून कळणार? मी कधी विचारलंच नाही कुणाला." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "तू सांग. तो तिथे पोहोचला. मग?"

मी साडीचा पदर बोटाला गुंडाळत बसले. मग म्हटलं, "पहिलं वर्षभर तो सगळं सामान सोडतच नाही. त्याला रोज वाटतं, पुढच्या वर्षी परत जायचंच आहे."

बाबांनी ते लिहिलं. पूर्णविराम दिला. "आणि?"

"आणि घरून कुणी आलं की तो बरा आहे म्हणून सांगतो."

त्यांचा हात थांबला. खाली बघतच त्यांनी विचारलं, "नसायचा का बरा?"

"पहिली दोन वर्षं नाही," मी म्हटलं. "नंतर होता. नंतर त्याला तिथलं आभाळ आवडायला लागलं. तेही कुणाला सांगता आलं नाही."

बाबांनी हे सगळं लिहून घेतलं, एकही शब्द न बदलता. मग पान उलटलं, तळहाताने दाबून सपाट केलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "जरा सावकाश सांग. मला काही गाळायचं नाही."